प्रॉसरसरांच्या आजीची चाल

मंगळवारी संध्याकाळी गेथिनच्या बँडने नवं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं आणि खालून कोणीही छत ठोकलं नाही. गेथिनने गिटारच्या तारांवर हात ठेवला. ओशानने बेस गिटार खाली केली. ड्रममागे बसलेल्या नेस्टाने काड्या हवेतच धरल्या.

"थांबा," ती म्हणाली. "ठोकतील आता."

कोणी ठोकलं नाही.

कूमहेलिग गावातल्या खाणकामगारांच्या हॉलमध्ये वरच्या मजल्यावर 'ओला कोळसा' हा बँड आणि खाली पुरुषांचं गायनमंडळ, दोघांचाही सराव मंगळवारीच असे. खाण कधीच बंद झाली, पण हॉलची कमिटी उरली होती आणि तिला मंगळवारखेरीज दुसरा वार सुचत नसे. त्यामुळे वरून गोंगाट सुरू झाला की खालून गायनमंडळाचे प्रमुख प्रॉसरसर खिडकी उघडायच्या लांब काठीने छत बडवत. बँडवाले ती दाद समजत. त्यांचा रॉक कोणाची भीडमुर्वत न ठेवणारा होता: कानठळ्या बसवणारी गिटार, न कळणारे शब्द आणि प्रेक्षकांकडे पाठ. चुकून एखादी गोड चाल सुचलीच, तर गेथिन ती जेवणातला केस काढावा तशी गाण्यातून काढून टाकी. या व्रताचं फळही त्यांना मिळालं होतं. सगळ्या खोऱ्यातले त्यांचे चाहते एका मिनीबसमध्ये मावत, तेही पाय पसरून.

"म्हणजे त्यांना आवडलं," ओशान म्हणाला. तो आठवड्यातून एखादंच वाक्य बोले, त्यामुळे ते फारच लागलं.

"आपण संपलो," गेथिन म्हणाला.

"संपायचं असेल तर संपू दे," नेस्टा म्हणाली. "पण आधी मेळ्यात वाजवू."

नेस्टा गेथिनची मावसबहीण. दिवसा ती दवाखान्यात लोकांची रक्तं काढायची आणि मंगळवारी ड्रम बडवायची. नाताळनंतर तिने गेथिनला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "हे बघ, माझे खांदे दुखतात. दुखायला माझी हरकत नाही, पण कोणासाठी दुखतात ते मला कळेनासं झालंय. उन्हाळ्याच्या मेळ्यात एक माणूस, फक्त एक, आपल्या गाण्यावर नाचला पाहिजे. नाही नाचला तर मी ड्रम विकून टाकीन."

नेस्टाशिवाय बँड म्हणजे गेथिन आणि आठवड्याचं एक वाक्य. तो घाबरला. म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा, लाज सोडून, पॉप गाणं करायचं ठरवलं. ते जमेल असं त्याला वाटत नव्हतं. पण एका दुपारी ओव्हनमध्ये मासळी भाजली जायची वाट बघत असताना त्याच्या तोंडून आपोआप एक चाल निघाली आणि त्याने दचकून मागे वळून पाहिलं. घरात दुसरं कोणीच नव्हतं. त्याने ती पुन्हा म्हटली. मासळी करपून गेली तरी तो ती म्हणतच उभा होता. इतकं सुंदर काही आपल्यातून कसं निघालं याचं त्याला खरोखर नवल वाटलं. त्या चालीवर त्याने मग शब्दही घातले, अगदी साधे, 'शेवटची बस गेली तर जाऊ दे, तू थांब.'

छत न ठोकलेल्या त्या मंगळवारनंतरच्या आठवड्यात गेथिन चिप्स घ्यायला गेला, तर काउंटरमागे चिप्सवाला विन मीठ भुरभुरत तीच चाल गुणगुणत होता. गाणं तर अजून हॉलच्या बाहेर वाजलंही नव्हतं. विन मात्र गायनमंडळात होता.

"विन, हे काय गुणगुणतोयस?"

"कोण जाणे. जुनं आहे काहीतरी. माझे वडील म्हणायचे."

"तुझे वडील कधी गायचे रे?"

"मग आजोबा म्हणत असतील. व्हिनेगर घालू?"

गेथिन पुडा छातीशी धरून घरी आला आणि त्याने नेस्टाला फोन केला.

"नेस्टा, मी ती चाल चोरली की काय गं?"

"कोणाकडून?"

"विनच्या आजोबांकडून."

"विनचे आजोबा इटलीहून आईस्क्रीम विकायला आले होते," नेस्टा म्हणाली. "गप जेव."

गेथिनने चिप्स खाल्ल्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच सुमारास दिवेवाले ट्रेवर गेले. खाण चालू असताना ते कामगारांना दिवे देत आणि गायनमंडळात सगळ्यात खालचा खर्ज लावत. अंत्यविधीला सगळं गाव चॅपेलमध्ये आलं. आमच्याकडे मयताला रडण्याची मुभा गायकांना नसते. त्यांनी गायचं आणि बाकीच्यांनी रडायचं, अशी वाटणी आहे.

प्रॉसरसर उभे राहिले. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत संगीत शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना वर्गाबाहेर काढलं होतं. आमच्या स्तोत्रांचे शब्द वेगळे आणि चाली वेगळ्या. मात्रा जुळल्या की कुठलंही स्तोत्र कुठल्याही चालीवर म्हणावं, आणि चालीला नाव एखाद्या गावाचं नाहीतर शेतमळ्याचं द्यावं, असा रिवाज आहे.

"आजची चाल 'ब्रिनगोले'," सर म्हणाले. "ब्रिनगोले हा माझ्या आजीचा मळा. वडिलांची आई. फार जुनी चाल आहे. माझ्या कानात कुठेतरी राहिली होती, परवा अचानक सगळी आठवली."

आणि गायनमंडळाने 'शेवटची बस' म्हणायला सुरुवात केली.

शब्द स्तोत्राचे होते, लय चौथाईवर आणली होती, पण चाल गेथिनचीच, मासळीच्या दुपारची. वरच्या मजल्यावर ती धावत होती. इथे ती सावकाश चालत आली. आधी वरचे आवाज, मग मधले, आणि मग सगळ्यांच्या खाली खर्ज आला तेव्हा बाकाची फळी थरथरली. गेथिनला ठाऊकच नव्हतं की त्या चालीत इतकी जागा आहे. मी हे केलं? मी? तो दोन्ही हातांनी पुढचं बाक घट्ट धरून उभा राहिला आणि हमसून हमसून रडू लागला.

लोक वळून पाहू लागले. विधी संपल्यावर ट्रेवरची बायको, मेअर मावशी, त्याच्याजवळ आली आणि तिने त्याला कवटाळलं.

"तुझा ट्रेवरवर एवढा जीव होता हे मला माहीत नव्हतं रे."

"मावशी, ती चाल..."

"त्याची आवडती. शेवटी शेवटी दुसरं काही ओठांवर नव्हतंच."

गेथिनने मान डोलावली आणि नाक पुसलं.

बाहेर नेस्टा गाडीला टेकून उभी होती. "सांगितलंस?"

"काय सांगू? मयताच्या दारात जाऊन म्हणू, ती चाल माझी, परत द्या?"

"मग मेळ्यात काय वाजवणार?"

"काही सुचत नाही गं."

"तीच वाजवायची," नेस्टा म्हणाली. "त्यांनी स्तोत्र म्हणावं, आपण बस म्हणू. मला नाचणारा माणूस पाहिजे, कुठूनही."

पण ब्रिनगोले काही चॅपेलात बसून राहिली नाही. ती एका लग्नात गेली, शाळेच्या प्रार्थनेत गेली, रग्बीचा सामना हरल्यावर मैदानावर गेली. पोस्टातल्या बाईने गेथिनला सांगितलं की ही चाल ऐकली की तिला लहानपण आठवतं. चार ओळखीच्या माणसांनी ती आपल्या आज्यांच्या नावावर लावून टाकली. सगळीकडे आपलंच गाणं ऐकू येत असताना तोंड दाबून फिरायचं, म्हणजे काय हाल होतात ते गेथिनलाच ठाऊक. तो दिवसा हवेत असे आणि संध्याकाळी चडफडत असे.

मेळ्याच्या शनिवारी दुपारी आमच्या पावसाळी खोऱ्यात चक्क ऊन पडलं, यानेच निम्मं गाव बावरून गेलं होतं. कुत्र्यांची स्पर्धा संपली होती, रस्सीखेच सुरू व्हायची होती, आणि मधल्या वेळात एका ट्रकच्या उघड्या पाठीवर 'ओला कोळसा' उभा राहिला. गेथिनने जन्मात पहिल्यांदा लोकांकडे तोंड केलं. समोर इतके चेहरे असतात हे त्याला नवीन होतं.

नेस्टाने चार ठोके दिले. गिटारचे पहिले सूर निघाले, नाचरे, टुणटुणीत. पहिल्या रांगेतली एक मुलगी खांदे हलवणारच होती. तेवढ्यात तिच्या आजोबांनी तिचा दंड धरला, उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

मग त्यांच्या शेजारचे उभे राहिले. मग मागची रांग. चिप्सच्या गाडीत विनने चिमटा खाली ठेवला आणि एप्रन सरळ केला. रस्सीखेचवाले दोन्ही बाजूंनी रस्सी सोडून उभे राहिले. आणि सगळ्या मैदानाने, पोराबाळांसकट, खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंत चार आवाजांत ब्रिनगोले म्हणायला सुरुवात केली. गेथिनच्या तोंडातली बस तोंडातच राहिली. नेस्टाचे ठोके आपोआप संथ झाले, कारण त्या आवाजाच्या पुढे धावणं कोणाला शक्यच नव्हतं. डोंगरावरच्या मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या होत्या. ओशानने डोळे मिटून घेतले होते आणि तो खर्जाबरोबर वाजवत होता, जन्मभर तेच वाजवत आल्यासारखा. ज्या गाण्यावर एक माणूस नाचावा म्हणून एवढा खटाटोप केला, त्या गाण्याला अख्खं गाव सावधान उभं होतं. कोणाचा पाय म्हणून हलला नाही.

शेवटचा सूर विरला आणि प्रॉसरसर ट्रकवर चढले. माईक चालूच होता.

"गेथिन," ते म्हणाले आणि ते सगळ्या खोऱ्याला ऐकू गेलं. "शाळेत तुझ्या हातात मी टिणटिण वाजवायचा साधा लोखंडी त्रिकोण द्यायचो, तोही तुला वेळेवर वाजवता यायचा नाही. माझ्या आजीची चाल तुला कुठे मिळाली? आणि तिच्यावर हे टुणटुण कोणी करायला सांगितलं?"

गेथिनने नेस्टाकडे पाहिलं. 'सांग,' तिचे डोळे म्हणत होते, 'आता तरी सांग.' सांगायला फक्त एक वाक्य लागत होतं. सबंध आयुष्यात त्याने केलेली ही एकच गोष्ट होती की जी ऐकून माणसं उभी राहिली होती. ती माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि समोर घडीच्या खुर्चीत बसलेली मेअर मावशी दिसली. काळा ड्रेस, मांडीवर ट्रेवरची टोपी.

"खालून ऐकली, सर," गेथिन म्हणाला. "तुम्ही मंगळवारी म्हणता ना, ती फरशीतून वर येते. आमच्या कानात बसली."

प्रॉसरसरांच्या कपाळावरची आठी उलगडली. "फरशी पातळच आहे," ते म्हणाले. "मी कमिटीला कधीपासून सांगतोय." मग त्यांनी गेथिनच्या खांद्यावर हात ठेवला. "विचारून घ्यायला हवं होतंस. पण आजीला राग आला नसता. मन मोठं होतं तिचं."

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "आता तुमचं स्वतःचं काहीतरी होऊ द्या!"

तेव्हा 'ओला कोळसा'ने लोकांकडे पाठ फिरवली आणि आपलं सगळ्यात जुनं, सगळ्यात कर्कश गाणं वाजवलं. ते संपलं तेव्हा सगळं गाव रस्सीखेच बघायला गेलेलं होतं.

ट्रकच्या मागे नेस्टा झांजा खोळीत घालत होती. गेथिन तिच्याशी काही बोलण्याआधी मेअर मावशी थर्मास घेऊन आली.

"खोटं छान बोलतोस," तिने कपात चहा ओतत म्हटलं.

"मावशी?"

"ट्रेवर शेवटच्या मंगळवारी सरावाहून आला ना, कोट काढायच्या आधी म्हणाला, 'मेअर, वरच्या पोरांना एकदाची चाल सापडली.' मग अंथरुणाला खिळला तरी तीच. 'माझ्या वेळी हीच लावा,' म्हणाला. मी एल्विन प्रॉसरला गुणगुणून दाखवली. तर तो म्हणतो कसा, 'ही तर माझ्या आजीची!' आणि डोळे भरून आले त्याचे. त्याला रडताना कधी बघितलंयस?"

"नाही."

"मीही नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा. म्हणून मग मी गप्प बसले." तिने कप त्याच्या हातात दिला. "आणि तू का गप्प बसलास?"

"तुम्ही समोर होतात."

मेअर मावशीने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि थर्मास तिथेच विसरून निघून गेली.

नेस्टाच्या हातातली झांज अर्धी खोळीत, अर्धी बाहेर तशीच राहिली होती. ती खाली ट्रकच्या फळीवर बसली.

"त्या माणसाला मरताना आपलं गाणं हवं होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आपलं, गेथिन."

"हो. पण नाचलं कोणी नाही. कबूल आहे मला. ड्रमला गिऱ्हाईक मीच बघून देतो हवं तर."

नेस्टाने झांज खोळीतून पुन्हा बाहेर काढली आणि बाहीने पुसली.

"ब्रिनगोलेची आजी सरांच्या वडिलांकडची ना?"

"हो. का?"

"म्हणजे पुढच्या चालीसाठी आईकडची अजून शिल्लक आहे," नेस्टा म्हणाली. "मंगळवारी वेळेवर ये."