वामनजींचे खानदानी पाय

वामनजी निनावे खुर्चीतून उठताना कधीच हातांचा आधार घेत नाहीत. दोन्ही हात छातीवर बांधायचे, डोळे मिटायचे आणि एकदम उभं राहायचं. आमच्या गल्लीतल्या एका तेरवीला ते असे उठले, तेव्हा श्रद्धांजली सुरू झाली असं समजून अख्खा मांडव उभा राहिला. वामनजी माझ्या कानात पुटपुटले, "जमलं गा!"

सत्तरी ओलांडलेला, ताठ, सडसडीत माणूस. माझे शेजारी. नवीन माणूस भेटला की नावगावाच्या आधी विचारणार, "तुमचा आजा शेवटपर्यंत चालत होता का?" माझ्या पुतणीसाठी स्थळ पाहायला गेलो, तर यांनी मुलाच्या वडिलांना जिना चढून दाखवायला सांगितलं. ते लग्न काही जुळलं नाही.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण त्या माणसाच्या पोटात खरी भीती होती.

त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. म्हातारपणी त्यांच्या मांड्यांतलं बळच गेलं. लोक म्हणाले, मागाच्या खड्ड्यात जन्मभर पाय सोडून बसल्याचा हा परिणाम. पण काकांचं तर किराणा दुकान होतं, त्यांचंही तेच झालं. थोरले भाऊ शाळेत कवायत शिकवायचे. आज त्यांना पलंगावरून दोघांनी मिळून उठवावं लागतं.

"माग नाही अन् दुकान नाही," वामनजी म्हणायचे. "रक्तातच आहे आमच्या. आता मी लाइनीत उभा आहो." सांगताना हसायचे, पण हात स्वतःची मांडी चाचपत असायचा. कुणी आधाराला हात पुढे केला की खेकसायचे, "काहून? मेलो का मी?"

यंदा दिवाळीत त्यांची लेक सुनंदा आली. ती शहरातच, मनीषनगरला राहते, शाळेत शिकवते. पंचेचाळिशीची असेल. मी आणि वामनजी ओट्यावर बसलो होतो. पायऱ्या चढताना ती मध्येच थांबली, गुडघ्यावर हात टेकला आणि शरीर वर रेटलं.

वामनजींचा चेहरा पांढरा पडला.

"थकून गेली बाबा," ती म्हणाली, "दिवसभर वर्गात उभंच राहावं लागते." दुसऱ्या दिवशी वामनजी मला म्हणाले, "रामदासपेठेत चाल माझ्यासंगं, डॉक्टरकडे. तिले सांगू नको."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालवलं, वाकवलं, पाय दाबून पाहिले. वामनजींनी जनुकांची तपासणी मागितली होती, म्हणून विचारलं, "जनुकांची तपासणी कुणाची करायची म्हणता?"

"माझी. पण लिहून असं द्या का पोरीले काही होणार नाही."

बाई हसल्या नाहीत. "काका, म्हातारपणी पाय किती साथ देतात, त्यात आईबापाकडून आलेल्या गुणांचा हात असतो, हे खरं. पण ते एकच जनुक नसतं. पुष्कळ असतात आणि प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. भावांना आणा, त्यांना दुसरा काही आजार आहे का ते बघू. पण मुलीला काही होणार नाही असं कुणीच लिहून देऊ शकत नाही."

वामनजी खुर्चीत पुढे सरकले. "अन् तिनं आतापासूनच पाय चालवले तं?"

"तर फरक पडेल. बळ कमावता येतं, तुमच्या वयातसुद्धा. तिला तर अजून भरपूर वेळ आहे."

बाहेर येऊन त्यांनी फोन लावला. मला वाटलं, आता पोरीला सगळं सांगणार.

"सुनंदा, मले आजकाल सकाळी एकट्यानं फिराले भेव वाटते वं. पाय लटपटून राहिले. तू येशील का संगं? रोज?"

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण फोन खिशात ठेवून त्यांनी लगेच रिक्षाला हात केला.

आता सुनंदा रोज उजाडताच येते आणि बापाचा दंड धरून त्यांना अंबाझरी तलावावर नेते. तिला वाटतं, आपण म्हाताऱ्याला सांभाळतोय. "अजून थोडं चालू वं, मले बरं वाटते," म्हणत ते तिला बांधाचा चढ चढायला लावतात. त्यांच्या पायांचं लटपटणं नाटक आहे की खरं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची मलाच भीती वाटते.

परवा मीही बरोबर होतो. चढावर सुनंदा थोडी पुढे गेली. वामनजी थांबून तिच्या पावलांकडे पाहत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "मायवर गेली असंन ना गा ही? चाल तं मायचीच दिसते."

त्यांची बायको मी नीट पाहिलीही नव्हती. मी या गल्लीत आलो, तेव्हा ती शेवटच्या आजारात होती.

"हुबेहूब," मी म्हणालो.