बारदानासकट

विमानवाले माणूस तोलून भाडं घेणार, या बातमीत माझा चक्क तीस किलोंचा फायदा होता! मी बावन्न किलोचा; आमची बायको चांगुणा ब्याऐंशीची. म्हणजे घाटा तिचा, नफा माझा. बातमी मोबाईलवर अर्धीच वाचली होती. पण बाजार समितीत जन्मभर पोती तोलून घेतलेल्या कारकुनाला उरलेली अर्धी वाचायची गरजच काय?

"बरोबरच हाय की!" परभणीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हॉटेलात मी जाहीर केलं. "सोयाबीनचं पोतं आन् मुरमुऱ्याचं पोतं एकाच भाड्यात कोण नेतंय?"

दिनकरराव चांगले एकशे दहा किलोचे. त्यांचं भजं तोंडापाशीच थांबलं. "मंग आमी काय चालत जावं?"

"तुमी दोन खेपांत जा!"

सगळं हॉटेल हसलं. घरी मात्र कोणी हसेना.

आमची लेक सुकेशनी बेंगळुरूला नोकरीला. दोन वर्षं तिला रजा नाही. शेवटी तिनंच आम्हा दोघांची हैदराबादहून विमानाची तिकिटं काढली. लहानपणी ही पोर आईला मागून विळखा घालायची आणि ओरडायची, "अजून चार बोटं उरली!" हात कधी पुरलेच नाहीत. आता फोनवर तेच म्हणायची, "आई, ये ना लवकर. बोटं मोजायचीत."

"अवो," चांगुणानं विचारलं, "माझ्या जास्तीच्या वजनाचे पैसे पोरीला भरायला लावतेल का?"

"लावणारच."

"आन् पोरीसाठी न्यायचे लाडू?"

"ते बारदान. मोंढ्यात पोतं बारदानासकटच काट्यावर चढतंय. माणूस आन् बॅग, एकच वजन!"

ती विचारात पडली. "मंजी मी जेवढी उतरले, तेवढं बॅगेत चढवता येतंय?"

"हिशेब चोख!" मी म्हणालो. इथंच माती खाल्ली.

आधी भात सुटला. मग चहातली साखर. मग रात्रीची भाकरी. शेंगदाण्याचे लाडू वळायची, पण बोटं चाटायची नाही, नळाखाली धुवायची!

"अगं, एक तर खा."

"पोरीचा घास हाय त्यो."

फोनवर सुकेशनी विचारायची, "आई, जेवलीस का?"

"लय जेवले!" म्हणायची, आणि लाडवाच्या डब्याचं झाकण दाबून लावायची.

दर आठवड्याला मी तिला बॅगेसकट मोंढ्यातल्या मोठ्या काट्यावर उभी करायचो. काटा जागचा हलत नव्हता. पहिल्या दिवशी ब्याऐंशी तिचे आणि पंधरा बॅगेचे; नंतरही तेच सत्त्याण्णव! बाई उतरत होती, बॅग चढत होती. हमाल सूर्यभान म्हणाला, "साहेब, आसंच चाललं तर बेंगळुरूला नुसती बॅगच जाईल!"

हैदराबादच्या विमानतळावर मी बूट काढले आणि ऐटीत बॅगांच्या पट्ट्यावर चढलो. आधी माझं वजन, म्हणजे उरलेले पैसे परत! तेवढ्यात पट्टा सुरू झाला. मी निघालो आत, बॅगांच्या रांगेत! चांगुणानं कॉलर धरली म्हणून राहिलो, नाहीतर सामान म्हणूनच पोचलो असतो.

"अंकल, उतरिए!" काउंटरवरची मुलगी किंचाळली. "आदमी नहीं, बैग रखिए!"

"और आदमी का भाडा?"

"सबका एक ही है, अंकल."

माझी बॅग ज्वारीच्या पिठानं आधीच काठोकाठ. चांगुणाची बॅग भरली तेवीस. पंधरा माफ. आठ किलोंचं भाडं भरा!

"मॅडम, बाई आठ किलो कम है ना! ब्लाऊज देखो, कितना ढीला!"

मुलीनं ब्लाऊज पाहिलं, मला पाहिलं आणि आकडा सांगितला. तो ऐकून माझंच वजन उतरलं.

"लाडू काढायचे का?" मी हळूच विचारलं. चांगुणानं बॅगेला असा विळखा घातला, की मी मुकाट पाकीट काढलं.

बेंगळुरूला दार उघडताच सुकेशनी आईच्या मागं गेली. विळखा घातला. बोटाला बोट लागलं होतं. लागून वर चढलं होतं.

"बाबा," पोर रडायलाच लागली, "माझी आई निम्मी कुठं ठेवली?"

"बॅगेत," मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून एक लाडू पोरीचा, तर दोन आईचे. "तू खाल्ल्याबिगर मी खाणार न्हाई!" मायलेकी खायच्या, रडायच्या, हसायच्या. मी डब्याकडं बघायचो. महिन्यानं निघताना सुकेशनीनं पुन्हा मागून विळखा घातला, आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली, "चार बोटं उरली!"

तर मंडळी, अखेरचा हिशेब असा. आठ किलो चांगुणावरून उतरून बॅगेत गेले आणि बॅगेतून उतरून पुन्हा चांगुणावर चढले. परत येताना तेच आठ किलो विमानात फुकट आले.

जातानाचं भाडं तेवढं मी भरलं. आणि लाडू मला एकही मिळाला नाही.