एक किलो शिल्लक

तात्सुझोकाका वजनकाट्यावर चढायला निघाले, तेवढ्यात मिनेकोने वहीत एकाहत्तर लिहूनही टाकलं.

"अगं, उभा तर राहू दे."

"तुमचं एकाहत्तरच असतं काका. वीस वर्षं बघतेय. बसा तुम्ही."

काकांच्या हातात पांढऱ्या कापडात बांधलेला कलश होता. त्यात हात्सुएकाकूंच्या अस्थी होत्या. त्या सामानाच्या काट्यावर ठेवायला सांगणं मिनेकोला जमेना. वहीतही तिने त्यांचं वजन लिहिलं नाही.

इसोजिमा बेटावरचं विमान पायलट धरून नऊ जणांचं. वाऱ्यात त्याचे पंख हलताना दिसतात, तरी ते उडतं, आणि बेटावरची माणसं दर खेपेला कुंपणाशी उभी राहून पाहतात. तिकीट देणारी, वजन करणारी, सामान चढवणारी, धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलणारी आणि उड्डाणाच्या वेळी आग विझवायचं हेल्मेट घालून उभी राहणारी, सगळी एकटी मिनेकोच. माणसाचं वजन, पिशवीचं वजन लिहून घ्यायचं आणि तोल बघून कोण कुठे बसणार ते ठरवायचं. या तोलापायी वीस वर्षांत काका-काकू विमानात एकदाही शेजारी बसले नव्हते. काका पुढे, काकू शेवटच्या रांगेत. काकू काट्यावर चढायच्या तेव्हा मिनेकोने आकड्यावर हात ठेवायचा, हा त्यांचा हुकूम होता. उतरल्यावर काकू हमखास सांगायच्या, मागच्या खिडकीतून आपलं घर दिसतं. काका म्हणायचे, थापा मारू नकोस, समुद्राशिवाय काही दिसत नाही.

आज अकरा वाजता समुद्रापलीकडच्या गावातल्या देवळात काकूंचं वर्षश्राद्ध होतं आणि त्यानंतर अस्थी पुरायच्या होत्या. मुलगी चिकाको तिथे वाट बघत होती. लाटांमुळे बोट तीन दिवस बंद होती. पुढचं विमान परवा.

वजनं झाली, सगळे विमानाकडे निघाले आणि कुंपणाशी नेहमीचं सुरू झालं. कुणी भाचीसाठी रताळी दिली, कुणी डॉक्टरांसाठी सुकी मासळी. आलेल्या माणसाच्या हातची भेट नाकारायची पद्धत नाही. मिनेकोने पिशव्या पाहिल्या, त्या पुन्हा काट्यावर घातल्या, आणि विमान तीन किलोंनी जड निघालं.

पायलट हातानाका म्हणाले, तीन किलो काय, तीन संत्रीही जास्त नेणार नाही. शिवाय धुकं येतंय. अर्ध्या तासात निघालो नाही तर आज निघणं नाही.

टोफूवाल्या फुसाएकाकू लगेच उतरल्या. आपलं काम परवावर गेलं तरी चालेल, म्हणाल्या. त्या बाई असून उतरल्या आणि आपण बसून राहिलो, हे निशिमिने मास्तरांना बरं वाटेना. तेही उतरले. मग बाकीच्यांना बसवेना. पाच मिनिटांत विमान रिकामं झालं आणि शिडीपाशी आठ माणसं एकमेकांना वाकून 'आधी तुम्ही' म्हणत राहिली. तात्सुझोकाकाही कलश धरून त्यांच्यात उभे.

"आता वजन अगदी झकास आहे," हातानाका म्हणाले. "मी एकटाच जाऊन येतो."

मिनेकोने सगळ्यांना परत चढायला सांगितलं. पण दुसऱ्याने आपल्यासाठी जागा सोडली म्हणजे त्याची परतफेड नको का? चढण्याआधी मास्तरांनी कोपऱ्यातल्या दुकानातून फुसाएकाकूंसाठी वड्यांचा डबा आणला. फुसाएकाकूंनी बदल्यात मास्तरांना बरणीभर लोणचं दिलं. ते पाहून इतरही दुकानाकडे वळले. पुन्हा वजन झालं. विमान आता सहा किलोंनी जड होतं.

धुकं दीपगृहापर्यंत आलं होतं.

काका पुढे आले. "मीच राहतो. जड तर आम्हीच आहोत. एका तिकिटावर दोघं जातोय."

मिनेकोचा चेहरा उतरला. तिने वाकून माफी मागितली, कलश आपण मोजलाच नाही, म्हणजे खरं तर सहाहूनही जास्त आहे, असं सांगितलं. हातानाकांनी हळूच म्हटलं, की मोजल्याशिवाय आपण उडू शकत नाही. आणि वहीतलं अंदाजाचं वजनही चालणार नाही.

काका आधी स्वतः काट्यावर चढले.

साठ.

मिनेकोने काट्यावर चापट मारून पाहिली. साठच. एका वर्षात अकरा किलो गेले होते.

मग काकांनी कलश दोन्ही हातांनी काट्यावर ठेवला. मिनेकोचा हात आपोआप पुढे झाला आणि तिने आकडा झाकला.

"किती?" हातानाकांनी विचारलं.

"वहीत लिहिते. तुम्ही वहीत बघा."

तिने एकदाच तळहाताखाली डोकावून आकडा लिहिला, बेरीज केली, परत केली. "सगळं बसतंय. भेटीही. उलट एक किलो शिल्लक आहे."

फुसाएकाकूंनी आपल्या डब्यातले भाताचे गोळे काढून काकांच्या हातात ठेवले. "तेवढे इथेच संपवा. मी बघतेय."

पण काकांचं वजन कमी झालं म्हणून तोल बदलला होता. मिनेकोने त्यांना शेवटच्या रांगेत, खिडकीशी बसवलं. कलश मांडीवर, दोघांना मिळून एकच पट्टा.

विमान थरथरलं, धावलं आणि धुकं भिडण्याआधी उचललं गेलं. डोंगर, बंदर, शाळा, सारं बेट त्या एका खिडकीत मावलं. मग विमान वळलं, आणि खाली निळ्या छपराचं एक घर आलं. अंगणात दोरीवर पांढरं काहीतरी फडफडत होतं. तीन दिवसांपूर्वी वाळत घातलेली त्यांची बनियन.

काकांनी कपाळ काचेला टेकवलं. मग कलशाकडे वाकून म्हणाले,

"दिसतं गं. आणि बनियन बाहेरच राहिली, तेही दिसतं. बोल आता."