इंजिनापुढचं लिंबू

खट्!

भर दुपार. सगळं घर जेवून आडवं झालेलं, पंखासुद्धा पेंगत पेंगत फिरत होता आणि त्या शांततेत बैठकीतून एवढासा आवाज आला.

"मांजर शिरली काय वं दुधात?" आतल्या खोलीतून विजयमालाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही आई, डबा जुळला!" त्यांची सून वैष्णवी म्हणाली.

"कोनता डब्बा? पोळ्याइचा?"

"कापसाचा!"

सासूबाईंनी कूस बदलली. ज्या घरात कापूस डब्यात ठेवतात, त्या घरात आणखी काय ऐकायचं!

तर शेलूबाजारच्या हमरस्त्यामागच्या या घरात, बैठकीतल्या दिवाणावर, एका लांबलचक फळीवर वैष्णवीची मालगाडी उभी होती. मालगाडी म्हणजे काय, तर मुठीत मावेल एवढं इंजिन, तीन डबे आणि फाटे फुटलेले रूळ. एका फाट्याच्या टोकाला बुटाच्या खोक्यातून केलेली कापसाची जिनिंग, दुसऱ्याच्या टोकाला खताचं गोदाम, आणि तिसऱ्याच्या टोकाला चहापत्तीच्या खोक्याची दालमिल. दालमिलीच्या अंगणात खऱ्या तुरीचे चार दाणे गोंदाने चिकटवलेले!

वैष्णवीचे वडील वाशिमच्या मालधक्क्यावर कामाला होते. ती त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायची आणि इंजिन मालाच्या वाघिणी कशा लावतं ते बघत बसायची. बाकीच्या पोरी भातुकली मांडायच्या, ही काड्यापेट्यांचं शंटिंग करायची. आता पाच वर्षांची संस्कृती दुपारी झोपली की जो घटकाभर वेळ हाती लागे, त्यात तिने ही फळी उभी केली. झोपलेल्या लेकीच्या गालावरचा केस बाजूला करायचा, पाऊल न वाजवता बैठकीत यायचं आणि बटण फिरवायचं. तेवढा वेळ ती कोणाची सून नव्हती की कोणाची वहिनी नव्हती. ती यार्डमास्तर होती! आणि संस्कृती मधेच उठलीच, तर ती डोळे चोळत येऊन हिरवा रुमाल हलवायची. ती गार्ड.

काम दिसायला सोपं. मागचा डबा पुढे, पुढचा मागे करून ज्याचा माल त्याच्या दारात नेऊन उभा करायचा. पण जागा एवढीशी, की बाजाराच्या दिवशी पाच जीपांच्या मागे अडकलेली आपली जीप बाहेर काढणं त्यापेक्षा सोपं! आणि नियम एकच, पण कडक. डब्याला हात लावायचा नाही. जे करायचं ते इंजिनाने.

हे कोणाला कळावं? छे! येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा.

"गोल काहून नाही फिरत वं हे?"

"ही मालगाडी आहे. शंटिंग करते."

"हाव, पन गोल काहून नाही फिरत?"

वैष्णवीचं डोकं फिरायचं, ते मात्र गोल!

सासरे पुंजाजी यांची तक्रार वेगळी होती. दिवाण त्यांचा. तीस वर्षं त्या दिवाणावर त्यांनी पाय लांब केले होते आणि आता त्यांच्या पायांच्या जागी दालमिल आली होती.

"सूनबाई, मी का पाय दुमडून मराव काय?"

"मामाजी, फळीला दुसरी जागाच नाही घरात."

"हाय ना! कोठ्यात हाय."

कोठ्यात! म्हणजे गुरांच्या गोठ्यात! जिथे म्हैस शेपटी झाडते आणि शेपटीला काय लागलेलं असतं ते सांगायला नको! वैष्णवी अशी तडकली की शेवटी पुंजाजींनीच तोड काढली.

"बरं, राह्यलं. महालक्ष्म्या येऊन राह्यल्या. तुयी फळी त्याइच्यापुढं देखाव्यात ठेव. पाव्हण्याइसमोर तिन्ही डब्बे जाग्यावर लावून दाखव. लागले, तं फळी बैठकीत. मी खाटेवर झोपतो. नाही लागले, तं कोठ्यात. मंजूर?"

"मंजूर!" वैष्णवी म्हणाली. तिला भीती कसली? डोळे बांधून लावले असते डबे तिने!

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी फळी बैठकीत, दिवाणावरच सजली. वर फुलोऱ्याच्या करंज्या टांगलेल्या, मागे भरजरी साड्यांत दोघी बहिणी उभ्या, आणि त्यांच्या पायाशी वैष्णवीचं यार्ड. तिने रूळ आरशासारखे पुसले, एकदा चालवून बघितलं, आणि निश्चिंत मनाने पुरणपोळ्या लाटायला स्वयंपाकघरात गेली.

इथेच घात झाला. कारण तेवढ्यात धनजहून पुंजाजींची बहीण, हिरीबाई आत्या, आल्या.

"अवं माय! नवी गाडी?" बैठकीतून त्यांचा आवाज आला. "विजयमाला, पूजा केली का इची?"

"नाही वं बाई. इसरलोच!"

"बाप्पा बाप्पा! बिनपूजेची गाडी चालवून राह्यले?"

वैष्णवीच्या हातात पोळी होती, तव्यावर पोळी होती, आणि ताटात आमटीला फोडणी द्यायला मसाला वाट बघत होता. पूजा म्हणजे एखादं फूल ठेवतील, असं तिला वाटलं. मग बैठकीतून आवाज आला. फट्ट! नारळाचा!

ती लाटणं घेऊनच धावली.

दोन्ही रुळांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्या हळदीची बोटं ओढलेली. इंजिनाच्या दिव्यावर कुंकू. जिथे फाटा फुटतो त्या सांध्यांत अक्षता. बटणाच्या पेटीवर स्वस्तिक आणि त्यावर नारळाचं पाणी शिंपडलेलं! आणि इंजिनाच्या पुढ्यात, दोन रुळांच्या मधोमध, एक पिवळंधमक लिंबू. इंजिनापेक्षा लिंबू मोठं!

"आत्याबाई! हे काय केलं!"

"पूजा केली. ट्रॅक्टर आनला तवा केली, मिक्सर आनला तवा केली. हे गाडी बिनपूजेची, म्हनून तं इकडून तिकडं भटकून राह्यली बिचारी! रस्ताच सापडून नाही राह्यला तिले!"

"अहो, रुळातून करंट जातो! हळदीतून कसा जाईल?"

"हळदीनं काई होत नाही वं. जंतू मरतात."

वैष्णवीने लाटणं खाली ठेवलं. हातात ठेवणं धोक्याचं होतं!

पदराने रूळ पुसेपर्यंत पाव्हणे येऊन बसले. पंगतीला वेळ होता, म्हणून पुंजाजी मांडी घालून समोरच बसले. "चालव," म्हणाले.

तिने बटण फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. इंजिन भूत बघितल्यासारखं थरथरलं, उसळलं आणि सुटलं. थेट लिंबावर!

"लिंबू काढू का?" वैष्णवी ओरडली.

"खबरदार!" हिरीबाई आत्या अर्ध्या उठल्या. "नजरेचं लिंबू हातानं उचलतेत काय? चाकाखाली चिरडाच लागते!"

"चाक तांदळाएवढं आहे हो!"

पण लिंबू चिरडून घ्यायला तयार नव्हतं. ते पुढे सरकलं. इंजिन मागे, लिंबू पुढे, अशी मिरवणूक फाट्यावरून वळली, तिसऱ्या रुळावर गेली आणि लिंबाने दालमिलीच्या दारावर जाऊन धडक दिली. दालमिल मागे कलली. लिंबू दारात घट्ट बसलं.

टाळ्या!

"वा रे प्रज्वल!" एक पाव्हणे म्हणाले. "काय दिमाग लावला! पन दालमिलीत लिंबू कायले?"

प्रज्वल म्हणजे वैष्णवीचा नवरा. या फळीसाठी त्याचं आजवरचं योगदान इतकंच, की तो एकदा ओल्या गोंदावर बसला होता. आता त्याने गंभीर चेहरा केला.

"लोनच्याचं युनिट असन," तो म्हणाला.

असन! वैष्णवीने त्याच्याकडे असं बघितलं, की तो पाणी प्यायला आत गेला.

दातओठ खात तिने काम सुरू केलं. इंजिन मागे आणलं, कापसाचा डबा जोडला. खट्! जिनिंगच्या दारात सोडला. कोपऱ्यातून संस्कृतीने हिरवा रुमाल हलवला. मग मागे, फाटा, पुढे, पुन्हा मागे.

"आली... गेली... अरे, परत आली!"

"ड्रायव्हर पेलेला हाय!"

"डिझल सांडलं असन. पाह्याले गेला."

खताचा डबा सांध्यातल्या अक्षतांवरून लंगडत गेला. पडतो की काय, पडतो की काय... नाही पडला! गोदामासमोर उभा राहिला. वैष्णवीने श्वास सोडला. पुंजाजींनी मिशीला हात लावला. राहिला एकच डबा, तुरीचा. तो दालमिलीच्या दारात नेला की फळी तिची!

इंजिनाने तुरीचा डबा ढकलत नेला. सरळ, सुरेख, मालधक्क्यावरच्या इंजिनाला लाज वाटावी असा. आणि दालमिलीपासून एक बोटावर डबा थांबला. लिंबाला टेकून!

"आत्याबाई, आता तरी लिंबू काढू द्या!"

"आपशकून बोलू नोको!"

इंजिनाने ओढावं म्हटलं, तर लिंबाला कडी नसते. शेजारी येऊन उभा राहिलेला प्रज्वल कुजबुजला, "बोटानं ढकल ना थोडी. डब्बा लिंबावर चढवून दे. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राहिले!" वैष्णवी फणकारली. "नियम म्हणजे नियम!"

तिने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन गुरगुरलं. लिंबू हललं. अर्धं बोट! आणि नेमकं तेव्हाच पेटीत झिरपलेलं नारळाचं पाणी आपल्या कामाला लागलं. चर्र झालं, आणि स्वस्तिकाच्या मधून धुराची एक बारीक रेघ वर आली.

"धूर! धूर निंगाला!"

"खरीच कोळशाची हाय रे!"

"जागृत हाय!" हिरीबाई आत्यांनी हात जोडले. त्यांचं बघून मागच्या तिघींनी जोडले. एकीने फळीच्या कडेला डोकं टेकवलं. यार्डमास्तर पेटीची तार ओढत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

इंजिन गप्प झालं. दालमिल अर्ध्या बोटावर.

पुंजाजींनी घसा खाकरला. "सूनबाई, नाही पोहचली."

"मामाजी, अर्धं बोट! आणि तेही लिंबामुळे!"

"बोली म्हंजे बोली. उद्या इसर्जन झालं का फळी कोठ्यात."

वैष्णवीच्या घशाशी आलेलं सगळं बाहेर पडणार, एवढ्यात विजयमालाबाई पुढे आल्या. अख्ख्या जन्मात त्या पाव्हण्यांसमोर नवऱ्याला उलटून बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या.

"काय म्हनता? पुजेल वस्तू कोठ्यात? म्हशीच्या शेनात?"

"अवं, पन..."

"पन-बिन काई नाही! महालक्ष्मीपुढं धूर निंगाला इच्यातून. हे फळी बैठकीतच राहीन. तुमी खाटेवर झोपा!"

वैष्णवीला वाटलं, सासूबाईंना उचलून गिरकी घ्यावी! इतकी वर्षं जिला आपण समजलोच नाही, ती ही माउली!

"आई..." ती पाया पडायला वाकली. "मी उद्याच पेटी दुरुस्तीला देते."

"पेटी कायले?"

"गाडी चालवायला."

"आता चालवाची?" सासूबाईंनी कानांना हात लावले. "देवापुढं बसली, थे बसली. आता इले कोनी हात नाही लावाचा. सांजच्यानं निरांजन लावत जाऊ."

आणि बोलता बोलता त्यांनी भरतकामाचा लाल रुमाल इंजिनावर घातला. निरांजन ठेवायला सपाट जागा हवी, म्हणून ते जिनिंगच्या छपरावर गेलं. येणाऱ्या बायका हळदीकुंकू वाहू लागल्या, डब्यांत चिमूट चिमूट तांदूळ टाकू लागल्या. आणि जी मालगाडी आजवर रिकामे डबे ढकलत होती तिला पहिल्यांदा खरा माल मिळाला. नेमका तेव्हा, जेव्हा ती कायमची उभी राहिली!

पाव्हणे जाता जाता प्रज्वलची पाठ थोपटत होते. "जागृत गाडी बनवली रे पोट्ट्या!" आणि तो मान खाली घालून, लाजत, "कायचं काय," म्हणत होता. कायचं काय!

पंगती उठल्या. पुंजाजी उशी काखेत मारून, पुटपुटत, खाटेकडे गेले. वैष्णवी खरकट्या हातांनी फळीसमोर उभी राहिली. जागा मिळाली होती. मनासारखी, बैठकीतली, सासऱ्याच्या दिवाणावरची, जन्मभराची जागा. तिला हसावं की लाटणं शोधावं, कळेना.

संस्कृती हळूच येऊन तिला बिलगली. डोळ्यांत झोप, हातात हिरवा रुमाल. तिने लाल रुमालाकडे बघितलं, निरांजनाकडे बघितलं, दारात अडकलेल्या लिंबाकडे बघितलं आणि मग मम्मीचा पदर ओढला.

"मम्मी, आता गाडी चालवाची असन, तं कोनाले इचाराचं?"