पाठीवरचा तिसरा शब्द

या, असे जरा पुढे सरकून बसा. चहा तिथेच राहू द्या, कान तेवढे इकडे आणा. नारीन गावच्या एसेनकुल मास्तरांना देवानं पाय दिले, दम दिला, लोण्यासारखं मन दिलं. फक्त स्वतःची पाठ दिसेल असे डोळे दिले नाहीत. तेवढ्या एका उणिवेपायी दोलोन घाटात काय रामायण घडलं, ते सांगतो.

एसेनकुल शाळेत कवायतीचे मास्तर. पन्नाशी उलटली, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. जेवतानासुद्धा गुडघा इतका हलत असायचा, की कालिचा, म्हणजे त्यांची बायको, पानावर हात ठेवून म्हणायची, "अहो, रस्सा सांडतोय." त्यांची जुनी विद्यार्थिनी बुरुल घोड्यावरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली. पण पोरगी मास्तरांच्या तालमीतली. हातांनी पेडल मारायच्या तीनचाकी सायकलीवर ती शर्यती जिंकू लागली. अडचण एवढीच, की तिच्यासारख्यांच्या संघात तिघे आणि सायकल एक. एक जण ती पळवायचा, तेव्हा बाकीचे दोघे कडेला बसून फुकटचे सल्ले द्यायचे.

तळ्याकाठचा डेअरीवाला शारशेन मोठा विक्षिप्त माणूस. तो मास्तरांना म्हणाला, "नारीनहून घाट ओलांडून तळ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी सायकल मारत या. आणखी दोन सायकली माझ्याकडून. मात्र वीतभर जरी मोटारीत बसलात, तर वाटीभर दही खायचं आणि घरी जायचं."

मास्तरांनी पिवळाधमक सदरा शिवून घेतला. पाठीवर ठळक अक्षरांत तीन ओळी: ‘दिव्यांग’, ‘खेळाडू’ आणि खाली ‘यांच्यासाठी’. निघायच्या सकाळी कालिचानं रीतीप्रमाणे ताजा नान पुढे केला. मास्तरांनी एक घास तोडला. उष्टा नान तिनं खुंटीला टांगला. उरलेला खायला माणूस घरी परत येतोच, अशी आमच्याकडची श्रद्धा. दुसरा एक नान वाटेसाठी. तो ठेवायला तिनं सदऱ्याच्या पाठीवर खिसा शिवला, त्याला धूळ लागू नये म्हणून रुंद झाकण, झाकणाला बटण.

"भूक लागली की काढून खा. माझी आण आहे," ती म्हणाली.

"खाईन गं, खाईन," म्हणत मास्तर निघालेसुद्धा. झाकण बरोबर तिसऱ्या ओळीवर बसलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या येणं शक्यच नव्हतं.

पहिल्याच वस्तीत एका म्हातारीनं हात आडवा केला. मास्तर पुढे जाऊन थांबले, म्हातारीनं मागून पाठ वाचली आणि पदरानं डोळे टिपले.

"लेकरा, कुठं अधू आहेस रे?"

"मी नाही, आजी. मी धडधाकट आहे."

"असंच म्हणावं बाबा. देव हिंमत देवो. ये, नान तोंडाला लावून जा."

आता नान तोंडाला लावल्याशिवाय दारावरून जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. मास्तर बसले. नानामागून साय आली, सायीमागून घोडीच्या दुधाचं आंबूस कुमिस, एक वाडगा, मग दुसरा. मास्तरांचा गुडघा लटलट हलत होता. म्हातारी तो हलणारा गुडघा बघून सुनेला हळूच म्हणाली, "पायातच आहे गं, बिचाऱ्याच्या." शेवटी हात पसरून तिनं आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि मास्तर उठले ते सायकलीच्या खोगिरानं सोललेले पाय फाकवत. मग तर कुणाला शंकाच उरली नाही.

म्हातारीनं पुढच्या वस्तीतल्या बहिणीला फोन केला. बहिणीनं व्याह्यांना. मास्तर जिथं पोचावेत तिथं रस्त्याच्या कडेला माणसं वाडगे घेऊन उभी. "दादा, जरा टेका." "दादा, पाय चेपून देऊ?" मास्तर तळमळत होते, सूर्याकडे बघत होते, आणि गिळत होते. पाठीवरच्या नानाला हात लावायची वेळच येईना.

घाटाच्या मध्यावर, पिवळ्या खडकापाशी, कुमिसनं डबडबलेलं पोट धरून ते सायकल ढकलत होते. तेवढ्यात मागून कोळशाचा ट्रक आला. चालकाचं नाव जुमाश; मनगटं अशी, की कोकरासारखा घोडा उचलावा. त्यानं पाठ वाचली, ट्रक थांबवला.

"भाऊ, चल वर."

"नको, नको. मला चालतच नाही गाडी."

"दिसतंय ना, चालत नाही ते. म्हणून तर थांबलो."

"अहो, मोटारीत बसलो तर सगळं बुडेल."

"माझा मामा असाच होता. लाकडी पाय, पण मदत म्हटली की भांडायचा. लाजू नको, भाऊ."

आणि जुमाशनं मास्तरांना सायकलीसकट उचलून कोळशावर ठेवलं. मास्तरांनी वरून छत बडवलं, तर तो खिडकीतून ओरडला, "आभार नंतर मान." घाटमाथा गेला, उतार गेला. खाली सारी-बुलाकच्या खाणावळींपाशी त्यानं त्यांना अलगद उतरवलं, कपाळाला कपाळ टेकवलं आणि निघून गेला.

मास्तर रस्त्यावर उभे. तोंड काळं, सदरा काळा, नशीब त्याहून काळं. बघणारं कुणी ओळखीचं नव्हतं. गप्प पुढे गेले असते तर शारशेनला कळलंही नसतं. पण वर बसलेल्याला कळलं होतं, आणि त्याच्याशी मास्तरांचं दिवसातून पाच वेळा, नमाजात बोलणं. त्यांनी सुस्कारा टाकला, सायकल वळवली आणि आलेल्या घाटाला उलटे लागले. पिवळ्या खडकापर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा इमानानं यायचं.

अर्धा चढ होतो न होतो तोच समोरून ट्रक. कोळसा खाली करून जुमाश परतताना मागून येईल अशी भीती होती, तर हा समोरून कसा, असं मास्तरांना वाटलं. पण जुमाश माथ्यावर दुसऱ्या गाडीचं चाक बदलायला मदत करून आता कुठं कोळसा घेऊन उतरत होता. खाणावळीपासून निघतो तोच त्याला मदतीचा निरोप आला, आणि मास्तर विचारात उभे असताना तो त्यांच्या मागून पुन्हा वर गेला होता. असा माणूस.

"अरे भाऊ," तो कळवळून म्हणाला, "तू तर उलटा चाललास. दिशेचंही कळत नाही का रे तुला?"

"कळतं हो. मला मुद्दाम मागं जायचंय."

"मुद्दाम," जुमाश स्वतःशीच म्हणाला. त्याचे डोळे भरले. "डोक्याचंही आहे, आणि घरच्यांनी एकटं सोडलं."

मास्तर पुन्हा कोळशावर. पुन्हा सारी-बुलाक. या खेपेला जुमाशनं खाणावळवालीला बजावलं, "मावशी, याला जाऊ देऊ नका. मागं पळतो."

मास्तरांनी बुरुलला फोन लावला. आवाज रडवेला. "पोरी, लोक मला पुढं जाऊ देत नाहीत, आता मागंही जाऊ देत नाहीत."

बुरुल संघाच्या गाडीतून आली, तीनचाकीवर बसली, आणि मास्तरांचा अवतार बघून इतकी हसली की ब्रेक धरावा लागला. खाणावळवाली लगबगीनं पुढे आली. तिनं बुरुलचे पिळदार दंड बघितले, झकपक सायकल बघितली, आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाली, "बाई, तुम्ही याला न्यायला आलात होय? देव भलं करो तुमचं. सांभाळून न्या बिचाऱ्याला. अशांचं करणं सोपं नसतं."

"सवय आहे मला," बुरुल गंभीरपणे म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ती मास्तरांच्या मागं गेली.

"मास्तर, पाठीवर काय लिहिलंय?"

"दिव्यांग खेळाडू यांच्यासाठी."

"आणि खिशात काय आहे?"

"नान. कालिचानं दिलाय."

"खाल्ला नाहीत?"

"खाऊ कोण देतंय? सकाळपासून गाव भरवतंय मला."

बुरुलनं बटण काढलं, झाकण वर केलं. तिसरा शब्द उजेडात आला. खाणावळवालीनं तो मोठ्यानं वाचला, एकदा मास्तरांकडे आणि एकदा बुरुलच्या पायांकडे बघितलं, आणि चहा ओतायला आत गेली. तिघांनी मिळून तो नान खाल्ला.

मग झाकण वर टाचून दोघं घाटाला लागली. आता कुणी थांबवेना, कुणी विचारीना. माणसं पाठ वाचत, मान डोलवत, "शाबास" म्हणून वाडगा स्वतःच पीत. बुरुल पुढे, मास्तर मागे. तिसऱ्या वळणावर त्यांची छाती भात्यासारखी हलू लागली, घसा कोरडा पडला.

"बुरुल."

"काय, मास्तर?"

"ते झाकण… जरा वेळ खाली करतेस का गं? एक वाडगाभर मिळेपर्यंत."

"पेडल मारा, मास्तर," बुरुल मागं न बघता म्हणाली. हेच वाक्य शाळेत मास्तर तिला ऐकवत.

पिवळ्या खडकाला हात लावून ते वळले आणि पायांनीच तळ्याला पोचले. शारशेननं सगळं ऐकून घेतलं, ट्रकसुद्धा, दोन्ही वेळचा. "म्हणजे सांगितला त्याहून जास्त घाट मारलात," एवढंच म्हणाला. दोन नव्या तीनचाकी आल्या, दह्याची वाटीही आली. आता संघात सल्ले द्यायला कुणी रिकामं नसतं. आणि खुंटीवरचा नान वाळून दगड झाला होता, तो मास्तरांनी चहात बुडवून, गुडघा हलवत, शेवटच्या कणापर्यंत संपवला.

जुमाश अजून त्या घाटात ट्रक चालवतो. एका दिव्यांग खेळाडूला आपण दोनदा घाट पार करून दिला, हे तो चहाच्या टपरीवर सांगतो, आणि सांगताना त्याचा चेहरा उजळतो. खरं काय ते त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मास्तरांनीच तशी शपथ घातली आहे. तुम्हीही बोलू नका. फक्त आज घरी गेल्यावर पहिला घास तोडाल, तेव्हा त्या जुमाशचं नाव मनात आणा.