टेकू दीड वीत सरकवला त्याची गोष्ट

"जॅकवाली घ्या, मास्तर. दांडा ओढला की माती खाली. डोक्याला ताप नाही," दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू शेजारच्या पोराच्या पेपरात डोकावताना तो सापडला होता.

दुकानापुढच्या पटांगणात छोट्या ट्रॅक्टरला जोडायच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. एकीला तेलाच्या दाबावर उचलणारा जॅक होता. दुसरी अगदी साधी. तिचा हौद खालच्या एका आडव्या दांड्यावर, म्हणजे टेकूवर, ठेवलेला. पुढची खिट्टी काढायची आणि जरा रेटा द्यायचा, की हौद मागे कलंडणार. म्हणजे तरफच. बत्तीस वर्षं पोरांना तरफ शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा जीव कुठे जडणार, हे सांगायला नको.

"जॅक हे आळशी माणसाचं विज्ञान आहे," मास्तर म्हणाले.

"आळशी का असेना, माती पडते ना?"

"माती नुसती पडून उपयोग नाही. ती का पडली हे पाडणाऱ्याला कळलं पाहिजे!"

दुकानदाराने मान डोलावली आणि जॅकवाल्या ट्रॉलीवर पुन्हा ताडपत्री ओढली.

घरी बाई वाट पाहत होत्या. मास्तरांच्या पत्नीला सगळे बाईच म्हणत. दीड वर्ष खपून त्यांनी स्वतःच्या हाताने लिंबाची चाळीस कलमं बांधली होती. "सोमवारी ट्रॉली आणतो आणि सोमवारीच माती टाकतो," या मास्तरांच्या शब्दावर विसंबून त्यांनी सकाळीच कलमांच्या पिशव्या फाडल्या होत्या आणि मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. मातीचा ढीग फाटकाशी, कलमांची जागा पार मागच्या कुंपणाशी. मध्ये भलंथोरलं आवार.

"आली ना? मग भरा आता," बाई म्हणाल्या.

"आधी चाचणी," मास्तर म्हणाले.

त्यांनी हौदात विटा भरल्या, खिट्टी काढली, रेटा दिला. हौद हलेना. पुन्हा रेटला. तेव्हा कुठे म्हातारी कुरकुरावी तसा तो कुरकुरत कलंडला. मास्तर भडकले. "टेकू चुकीच्या जागी बसवलाय! ज्यानं ही ट्रॉली बनवली त्याला शाळेत कुणी शिकवलं?"

आता ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली असतील, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला जाडा मुलगा आणि दुसऱ्या टोकाला बारीक मुलगा बसला, तर बारक्याने पाय आपटून काही होत नाही. पण मधला टेकू जाड्याच्या बाजूला थोडा सरकवा, की बारकाही जाड्याला उचलतो. मास्तरांना टेकू असाच दीड वीत सरकवायचा होता. शिवाय हौदाला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून उंची वाढवायची होती. त्यात काही चूक नव्हती. चूक पुढे झाली.

"मी दोन माणसं आणि दोन हातगाड्या बोलावते," बाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत काम होईल."

"हातगाड्या? माझ्या घरात?" मास्तरांना ते इतकं लागलं की ते न जेवताच वेल्डरकडे निघाले.

वेल्डर मास्तरांचाच जुना विद्यार्थी. मास्तरांनी त्याला दुकानाच्या माहितीपत्रकामागे सुरेख आकृती काढून दिली. हौदाचा आयत, चाकाचं वर्तुळ, टेकूचा त्रिकोण, खिट्टी, माती सोडणारा फाळका, इंचांत मापं, आणि खाली दोन रेघांत अधोरेखित केलेलं शीर्षक.

"आकृतीबरहुकूम कर. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

"नाही चालवणार, सर," वेल्डर मनापासून म्हणाला.

मंगळवार त्यातच गेला. बाई दर दोन तासांनी गोणपाटावर पाणी शिंपडत होत्या. बुधवारी सकाळी ट्रॉली आली. मास्तरांनी टेप काढून एकेक माप तपासलं. टेकू बरोब्बर दीड वीत सरकलेला. फळ्या तंतोतंत. "शाब्बास!" ते म्हणाले.

"कोवळी पानं मान टाकायला लागलीत," बाई म्हणाल्या. "आज संध्याकाळच्या आत मातीत गेली नाहीत तर दीड वर्ष पाण्यात."

"तासाभरात देतो," मास्तर म्हणाले.

हौद काठोकाठ भरला. मास्तर आपल्या छोट्या ट्रॅक्टरवर बसले, वेल्डर मागून चालत निघाला. मागच्या कुंपणाशी बाईंनी तीन बाजूंनी ओळीने खड्डे खणून ठेवले होते. मास्तरांनी ट्रॅक्टर अगदी मधोमध नेला, थांबवला आणि मागे न बघताच हात वर केला. "ओढ खिट्टी!"

वेल्डरने ओढली.

टेकू इतका अचूक सरकवला होता, की रेटा द्यायचीसुद्धा गरज पडली नाही. हौद लोण्यासारखा कलंडला. पण पुढच्या बाजूला. फाळका धाडकन उघडला, आणि ट्रॉलीभर माती ट्रॅक्टरला धरणाऱ्या जोडदांडीवर, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर आणि मास्तरांच्या पाठीवर येऊन बसली. मास्तर कमरेपर्यंत मातीत गेले. टोपी कुठे गेली ते कळलंच नाही.

"गाढवा! उलटा बसवलास हौद!"

"आकृतीबरहुकूमच बसवला, सर." वेल्डरने खिशातून कागद काढला. "हे बघा. टेकू डावीकडे, फाळका डावीकडे, खिट्टी उजवीकडे. माझ्याकडे ट्रॉली उभी होती तेव्हा तिची जोडदांडी डावीकडे होती."

"अरे, पण ट्रॅक्टर उजवीकडे असणार हे उघड आहे!"

"कागदावर ट्रॅक्टर कुठाय, सर? पुढची बाजू कोणती त्याचा बाणही नाही." वेल्डर जरा घुटमळला. "बाण नसला की तुम्ही माझा अर्धा मार्क कापायचात. दर वेळी."

मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बत्तीस वर्षांत एकाही पोराने त्यांना असं बोलायची हिंमत केली नव्हती.

तोवर बाई दोन फावडी घेऊन आल्या होत्या. एक त्यांनी वेल्डरला दिलं, दुसरं मास्तरांच्या हातात ठेवलं. "भांडा. पण हात चालू ठेवून भांडा. कलमं वाळताहेत."

"मी कुठे भांडतोय? मी समजावून सांगतोय!" मास्तरांनी फावडंभर माती उचलली. "ही टाकू कुठे?"

"त्या खड्ड्यात."

मास्तरांनी टाकली. "आकृतीत बाण नसेल, पण माणसाला अक्कल असते की नाही?"

"स्वतःचं डोकं चालवू नकोस म्हणालात, सर."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"तसं नाही. अर्ध्या मार्काचंच चुकलं."

मास्तर संतापले की त्यांच्या अंगात दहा जणांचं बळ येई. बाई नुसतं बोट दाखवत, "इथे", "आता तिथे", आणि त्या तावात फावडं सपासप चाले. आधी त्यांनी दुकानदाराला नावं ठेवली. मग ट्रॉली बनवणाऱ्याला, मग आकृतीला बाण न काढणाऱ्या सबंध पिढीला, आणि तिथे आपलंही नाव बसतं हे ध्यानात आल्यावर पुन्हा वेल्डरला. वेल्डर "हो सर, हो सर" म्हणत दुसऱ्या बाजूची माती उपसत होता. बाई मागून कलम लावत, माती दाबत, तांब्याभर पाणी घालत पुढे सरकत होत्या. दुपारी कुणी जेवायला गेलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ट्रॅक्टरची मागची चाकं मोकळी झाली. जोडदांडीही दिसू लागली. मास्तर घाम पुसत सीटवर चढले. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

"बघ! काहीसुद्धा बिघडलेलं नाही," ते वेल्डरला म्हणाले. "आता हा बाहेर काढतो, आणि तू हौद फिरवून बसव. या खेपेला बाण काढून देतो."

त्यांनी समोर पाहिलं. पाच कलमं ओळीने उभी होती. डावीकडे पाहिलं. बारा. उजवीकडे बारा. मागे वळले, तर ट्रॅक्टर जिथून आत आला होता, त्या मोकळ्या जागेतसुद्धा बाईंनी खड्डे घेऊन उरलेली अकरा दाटीवाटीने लावून टाकली होती. चाळीसच्या चाळीस. मान टाकलेली पानंसुद्धा पाणी पिऊन जरा सावरलेली दिसत होती.

"अगं, हे काय केलंस? ट्रॅक्टर बाहेर कसा काढायचा?"

"काढायचा नाही," बाई हात धूत म्हणाल्या. "लावलेलं कलम हलवायचं नसतं. मुळं धरू देत."

"किती दिवस?"

"पावसाळा संपेपर्यंत तरी."

वेल्डर घाईघाईने फावडी गोळा करू लागला. मास्तरांनी इंजिन बंद केलं. संतापून काहीतरी बोलायचं होतं, पण कुणावर संतापायचं ते नीट ठरेना.

"आणि मी?" ते सीटवरूनच म्हणाले. "मीही इथेच राहू?"

"तुम्ही या ना," बाई म्हणाल्या. "दोन कलमांच्या मधून या. माणसापुरती वाट ठेवलीय."