खुशालरावांची गुपचूप भाषा

"हे आपल्याले तोंडानं बोलाचंच नाही," खुशालरावांनी जाहीर केलं आणि ते खालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं. चांदूर बाजारच्या बसस्टँडवर जन्मभर गाड्या पुकारलेला माणूस. कुजबुजणं त्यांना जमतच नसे.

प्रकरण नाजूक होतं. त्यांची प्राजक्ता जन्मापासून बहिरी, अकोल्यात नोकरीला. तिचा मेसेज आला होता: 'मी लेस्बियन आहे. सीमावर माझं प्रेम आहे. रविवारी आम्ही दोघी यावं म्हणतो. चालेल का?' रुख्मिणीबाई आधी पोटभर रडल्या, मग सीमाला तिखट चालतं का या काळजीला लागल्या.

खुशालरावांनी नुसतं 'या' एवढंच लिहिलं. बाकीचं त्यांना पोरीच्या भाषेत, समोरासमोर सांगायचं होतं. पण घरात चालायच्या त्या घरगुती खुणा. जेव, झोप, गाडी आली. प्रेमाला खूणच नव्हती, हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

मोबाइलवर एक बहिरी शिक्षिका नेमके लागणारे शब्द खुणांनी शिकवत होती. लेस्बियन, गे, ट्रान्स, ओळख, अभिमान. खुशालराव तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

"रुख्मिणी, पाहून राहिली का? जे आपल्या तोंडून निंगत नाही, ते हे बाई हातानं सांगून राहिली. अन् हासून!"

"शिका मंग. पण लोकायले कळू देऊ नका."

"कळते कसं? आवाजच नाही ना!"

खोलीत हात कपाटाला आपटायचे, म्हणून ते राजापेठेतल्या घराच्या भर रस्त्यावरच्या गॅलरीत सराव करू लागले. हातवारे स्टँडच्या मापाचे आणि चेहरा गाडी रद्द झाल्यासारखा. समोरच्या टपरीवर काही पोरं रोज चहाला जमत. एके दिवशी त्यातल्या एकाने हात हलवून खुशालरावांना थांबवलं, स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं आणि मोठ्ठं हसून दाखवलं. बाकीच्यांनीही तसंच केलं. मग त्यांचं आपसात हातांनी बोलणं सुरू झालं.

खुशालराव आत पळाले. "घात झाला! ते सारे बहिरे हायेत!"

"मंग?"

"मंग काय? पोरीचं गुपित म्या तिच्याच लोकायत भोंगा लावून सांगून टाकलं! आता पोरगी घरी कायले येते?"

पण रविवारी दोघी आल्या. खुशालरावांनी दारातच कान पकडले. प्राजक्ताने हसून मोबाइल पुढे केला. टपरीवरच्या पोरांनी काढलेला व्हिडिओ: गॅलरीतले खुशालराव, रागीट चेहऱ्याने पुन्हा पुन्हा 'अभिमान' म्हणताना.

"काका, त्या पोरायले आमचं पयलेपासून माहीत होतं," ऐकू येणारी सीमा म्हणाली. "तुमच्या 'या'वर हिचा भरोसा नवता. तिकीट काढून रद्द केलं होतं हिनं. हा व्हिडिओ पाह्यला अन् रडत रडत पुन्हा काढलं."

खुशालराव प्राजक्ताला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेले. टपरीकडे वळून त्यांनी हातांनीच सांगितलं: माझी मुलगी. लेस्बियन. अभिमान. डोळे वाहत होते, पण या वेळी चेहरा हसत होता. टपरीवरचे सगळे हात वर गेले आणि हवेत थरथरू लागले. ती बहिऱ्यांची टाळी होती. एवढी मोठी टाळी खुशालरावांनी जन्मात अनुभवली नव्हती.

रुख्मिणीबाईंनी मोठं पातेलं काढलं. "त्या पोरायलेबी चहाले बलवा ना."

"वर या रे सारे!" खुशालराव गरजले.

टपरीवरचं कुणी हललं नाही. खालचा झेरॉक्सवाला तेवढा जिना चढून वर आला.